गुडघ्याचं ऑपरेशन आणि आईचं ‘सहन होतंय’

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 66, वजन 62 किलो, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. उजवा गुडघा बदलून आज नववा दिवस. घर सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डिस्चार्ज कार्डावर पॅरासिटामॉल 650 तीनदा, ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दोनदा, एटोरिकॉक्सिब 60 पाच दिवस, रात्री प्रेगाबालिन 75, शिवाय पँटोप्राझोल आणि रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन लिहून दिलंय. पण गोळ्यांनी किडनी जाते या धास्तीनं आई अगदी असह्य झालं की एखादी गोळी घेते. मध्ये शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची गोळी दोनदा दिली. रात्री झोप नाही, गुडघ्याखाली उशी घेतली तरच बरं वाटतं. चार दिवस पोट साफ नाही. पाय घोट्यापर्यंत सुजून काळानिळा झालाय. गुडघा 65 अंशांच्या पुढे वाकत नाही आणि फिजिओ आले की आई रडते. हे असंच असतं का, आणि आता काय करायचं?

सूज, काळानिळा रंग आणि रात्रीची तळमळ हे तिन्ही नवव्या दिवशी अपेक्षित आहे. सांध्याभोवती साचलेलं रक्त गुरुत्वाकर्षणानं खाली उतरतं, म्हणून पोटरी आणि घोटा रंगतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. दोन-तीन आठवड्यांत तो हिरवट-पिवळा होऊन जाईल. काळजीच्या गोष्टी वेगळ्या आहेत: गुडघ्याखालची उशी, वाटेल तेव्हा घेतलेल्या गोळ्या, काकूंची गोळी आणि चार दिवसांचा बद्धकोष्ठ. या चारही आजपासून सुधारता येतात.

आधी ‘सहन होतंय’बद्दल. आपल्याकडे दुखणं गिळून टाकणाऱ्या बाईचं कौतुक होतं, आणि आई त्याच संस्कारात वाढलेली आहे. इतर आजारात चालून जाईल, पण बदललेल्या गुडघ्यात या सहनशीलतेची किंमत सांधा मोजतो. दुखतं म्हणून पाय हलत नाही. सांध्यात पाणी आणि रक्त साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून जाणारा हुकूमच दबतो, त्यामुळे तो आकसत नाही आणि पाय उचलला जात नाही. न हललेल्या सांध्यात आतून व्रणाचे चिवट पापुद्रे धरू लागतात. पहिल्या सहा आठवड्यांत ते मऊ असतात, हालचालीनं ताणले जातात. तीन महिन्यांनंतर ते दोरखंडासारखे होतात. गोळ्या आईला आराम देतात हे खरंच, पण त्यांचं मुख्य काम आहे या सहा आठवड्यांत गुडघा हलता ठेवण्याचं. हे आईला याच शब्दांत सांगा. “गोळी घे, बरं वाटेल” याला त्या नाही म्हणतील. “गोळी घेतलीस तर व्यायाम होईल, व्यायाम झाला तर पुन्हा देवळाच्या पायऱ्या चढशील” हे पटण्याची शक्यता जास्त.

हॉस्पिटलमध्ये पहिले दोन दिवस त्या बऱ्यापैकी होत्या आणि मग एकदम बिघडलं, असं झालं असेल तर त्यामागेही कारण आहे. पाठीतल्या भुलीचा असर काही तासांतच उतरतो, पण मांडीत दिलेला नसेचा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) आणि सांध्याभोवती टोचलेलं औषध साधारण 12 ते 24 तास काम करतं. त्यावर शिरेतून औषधं चालू असतात. हे सगळं उतरतं त्याच सुमारास माणूस चालायला लागतो, जिने चढून घरी येतो. घरी आल्यावर दुखणं वाढलं म्हणजे ऑपरेशन बिघडलं, असं नाही.

आता गोळ्या. पहिला नियम असा की पहिले दोन-तीन आठवडे पॅरासिटामॉल घड्याळावर द्यायचं, दुखण्यावर नाही. कळ शिगेला पोचल्यावर दिलेली गोळी तिला पकडू शकत नाही. तिचा असर सुरू व्हायलाच अर्धा-पाऊण तास लागतो आणि तोवर आईचे स्नायू आवळून गेलेले असतात. सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10 अशा वेळा ठरवा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकटीत प्रत्येक गोळीवर खूण करा. घरात दोघं-तिघं काळजी घेणारे असले की डबल डोस आणि चुकलेला डोस दोन्ही याच खुणांनी टळतात.

पॅरासिटामॉलचा हिशेब एकदा मांडून बघा, कारण ते अनेक गोळ्यांत लपलेलं असतं. 650 च्या तीन म्हणजे 1950 मिलिग्रॅम. ट्रॅमाडॉलच्या एकत्र गोळीत बहुतेक वेळा 325 असतं, दोन गोळ्यांचे 650. एकूण 2600. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम आहे, पण या वयात 3 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. म्हणजे कार्डाप्रमाणे घेतलं तर आई सुरक्षित आहेत. पण त्यावर काकूंची गोळी (आणखी 325) आणि सर्दीची एखादी गोळी (बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच) पडली की उरलेली जागा संपते. या मात्रेत पॅरासिटामॉल किडनीला धोक्याचं नाही. त्याचा प्रश्न यकृताचा असतो, आणि तोही जास्त मात्रेत. यकृताचा आजार असेल किंवा वजन 50 किलोच्या खाली असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

आईची किडनीची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या गोळीवर बसली आहे. किडनीला जपायचं ते एटोरिकॉक्सिब, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या गटापासून. या गोळ्या सूज उत्तम उतरवतात, म्हणूनच सर्जन त्या मोजके दिवस देतात. पण रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल आणि तिच्या नावापुढे ‘एच’ असेल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध सोबत असेल, तर त्यावर ही तिसरी गोळी पडल्यानं किडनीचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. उलट्या झाल्या, पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले की दोन-चार दिवसांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढू शकतं. आईच्या बीपीच्या गोळीचं पाकीट हातात घ्या आणि घटक वाचा. एटोरिकॉक्सिब स्वतः रक्तदाबही वाढवतं, तेव्हा घरी मशीन असेल तर सकाळ-संध्याकाळ मोजा; 140/90 च्या वर राहत असेल तर ते चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

काकूंची गोळी मनापासूनच आली असणार, तरी ती आता बंद. एटोरिकॉक्सिब आणि आयब्युप्रोफेन एकाच गटातले. दोन्ही मिळून फायदा दुप्पट होत नाही, पोटातल्या रक्तस्रावाचा आणि किडनीचा धोका मात्र वाढतो. शिवाय आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं, आणि ते ॲस्पिरिन पायात गुठळी होऊ नये म्हणून दिलंय. काळी, डांबरासारखी शी दिसली तर ती पोटातल्या रक्तस्रावाची खूण समजा आणि त्याच दिवशी दाखवा. एटोरिकॉक्सिबचे पाच दिवस संपले असतील तर स्वतःहून केमिस्टकडून पुढचं पाकीट आणू नका. आता एक साधी रक्ततपासणी करून घ्या: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. ती आईच्या भीतीलाही उत्तर देईल. कागदावरचा आकडा आपल्या समजावण्यापेक्षा जास्त पटतो.

ट्रॅमाडॉल कमी लेखण्यासारखं औषध नाही. 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मागायला जाऊ नका. त्याचा उपयोग तुम्ही दोनच ठिकाणी करा: फिजिओच्या आधी तासभर, आणि रात्री झोपताना. मळमळ होत असेल तर गोळी खाण्यानंतर घ्यायची, आणि घेतल्यावर काही वेळ उठायचं नाही. त्याच्यासोबत रात्रीचं प्रेगाबालिन आलं की गुंगी आणि तोल जाणं दोन्ही वाढतात. सहाव्या-सातव्या दिवसानंतरच्या पडण्यातली कितीतरी पहाटे बाथरूमच्या वाटेवर होतात. पलंगाजवळ कमोडची खुर्ची, रात्रीचा दिवा, फरशीवरची चटई आणि पायपुसणी उचललेली, आणि हाक मारल्यावर ऐकू येईल इतक्या अंतरावर कुणीतरी, एवढं झालं की हा धोका बराच कमी होतो. आई नैराश्याची गोळी घेत असतील तर ट्रॅमाडॉल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं.

रात्री आई काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या, भिंतीवर माणसं दिसू लागली किंवा वेळ-जागा कळेनाशी झाली तर “वय झालं” म्हणून सोडू नका. कारणं शोधा: ट्रॅमाडॉल, लघवी तुंबणं, लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं (टेल्मिसार्टन-एच घेणाऱ्यांत हे होतं), साखर कमी होणं. चष्मा आणि कानाचं यंत्र हॉस्पिटलच्या पिशवीतच राहिलेलं असतं कधी कधी. तेवढ्यानंही गोंधळ वाढतो.

दुखणं मोजायला शून्य ते दहा आकडा विचारतात, तो चार्टवर लिहायला ठीक आहे. पण आईला आकड्यापेक्षा शब्द जमेल, आणि मराठीत त्याचे शब्द इतके नेमके आहेत की त्यावरून उपाय ठरतो.

‘ठणका’ म्हणाल्या तर तो सुजेचा असतो. पाय खाली लोंबकळून बसल्यावर, संध्याकाळी, जास्त चालल्यावर तो वाढतो. त्यावर गोळीआधी बर्फ आणि उंची. फ्रिजमधली बर्फाची पिशवी पातळ सुती कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दर वेळी व्यायामानंतर. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झाली असेल तर आधी कातडीला बोट लावून बघा आणि दर पाच मिनिटांनी रंग तपासा. ओल्या ड्रेसिंगवर बर्फ ठेवायचा नाही. पाय उंच करायचा तो छातीच्या पातळीच्या वर, टाचेखाली उशा रचून.

‘रग लागलीय’ किंवा ‘ओढ बसतेय’ असेल तर तो स्नायूंचा ताण. इथे पडून राहण्यानं वाढतं, हालचालीनं कमी होतं. घोटा वर-खाली करणं, दहा पावलं चालून येणं, पाय ताणून पाच मिनिटं ठेवणं. याला ट्रॅमाडॉल लागत नाही.

‘भगभग’, ‘मुंग्या’, ‘शॉकसारखी चमक’ हे नसांचं. टाक्यांच्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर लागतो, कारण कातडीकडे जाणारी बारीक नस चीर देताना तुटते. ती बधिरता काही महिन्यांत आकसते, काहींच्यात थोडी राहते. त्यासाठी घाबरायला नको. भगभगीला पॅरासिटामॉल फारसं पुरत नाही, प्रेगाबालिनसारखं औषध पुरतं, म्हणूनच ते रात्री दिलंय. त्यानं पहिल्याच रात्री चमत्कार होत नाही. पाच-सहा रात्री जाऊ द्या.

आणि ‘ठुसठुस’. हा शब्द आला आणि तो एकाच जागी, टाक्यांपाशी असेल, लाली पसरत असेल, कातडी ताणून चकाकत असेल, तर मी थांबणार नाही. तो पू होण्याचा शब्द आहे. सर्जनना त्याच दिवशी फोन.

पलंगाकडे येऊ. गुडघ्याखालची उशी आज रात्रीपासून काढायची. तिनं बरं वाटतं ते खरं, कारण थोडा वाकलेला गुडघा सांध्याला सर्वात सैल पडतो. पण आठ-नऊ तास तसाच राहिलेला सांधा तिथेच थबकतो आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. गुडघा वाकण्यापेक्षा सरळ न होणं जास्त महाग पडतं: पाच-दहा अंश जरी सरळ व्हायचे राहिले तरी चालताना लंगडणं राहतं आणि मांडी लवकर थकते. उशी टाचेखाली, गुडघा अधांतरी. पहिल्या दोन रात्री त्या कुरकुरतील. त्यासाठी झोपण्याआधी रात्रीची गोळी, बर्फ, मग उशी. कुशीवर झोपायचं असेल तर दोन पायांमध्ये उशी. झोप तुटणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतं. दुपारी दोन तास झोपवून रात्र जागवू नका, अर्धा तास पुरे.

व्यायामाचं गणित असं ठेवा. जागेपणी दर तासाला घोटे 15-20 वेळा वर-खाली. यानं गुठळीचा धोका घटतो आणि सूज उतरते. दिवसातून तीनदा: मांडी आवळून गुडघा गादीत दाबणं, पाच सेकंद धरून दहा वेळा. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पाय सरळ ताणलेला, पाच ते दहा मिनिटं. मग टाच गादीवरून मागे सरकवत गुडघा वाकवणं, दहा वेळा. टाचेखाली दुधाची कोरडी पिशवी ठेवली की घसरते. शेवटी खुर्चीवर बसून तळवा फरशीवर मागे नेऊन दहा सेकंद धरणं, मग तळवा तिथेच ठेवून बूड थोडं पुढे सरकवणं. हा शेवटचा व्यायाम सगळ्यात जास्त वाकवतो आणि त्यात कुणी ढकलत नाही. वेग आणि जोर आईच्या हातात राहतो. म्हणून रडणाऱ्या माणसाला मी आधी हाच देईन.

फिजिओच्या वेळी रडू येतं त्याबद्दल मोकळेपणानं बोलायला हवं. व्यायामात दहातलं पाच-सहा दुखणं मान्य आहे. थांबल्यावर अर्ध्या-एक तासात ते आधीच्या पातळीला यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला आणि ठणकत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, मग त्या दिवशी अर्धं करा, शून्य नाही. पण कुणी मांडीवर वजन टाकून गुडघा जबरीनं वाकवत असेल तर थांबवायचा अधिकार तुमचा आहे. त्या जोरानं सांध्यात पुन्हा रक्तस्राव होतो, सूज वाढते, मांडीचा स्नायू बचावाला आवळतो आणि आठवडाभराची कमाई जाते. फिजिओंना स्पष्ट विचारा: आज किती अंश, पुढचं लक्ष्य किती. ते येण्याच्या एक तास आधी ट्रॅमाडॉलची गोळी, आणि आल्यावर पहिली दहा मिनिटं सैल हालचाल. दर रविवारी बाजूनं मोबाइलनं फोटो काढा, एक जास्तीत जास्त वाकलेला आणि एक सरळ केलेला. पंधरा दिवसांनी आईला तीच प्रगती डोळ्यांनी दिसते.

65 अंश नवव्या दिवशी कमी आहेत, पण हाताबाहेर गेलेलं नाही. साधारण अपेक्षा दोन आठवड्यांत 90 च्या आसपास आणि सहा आठवड्यांत 110 च्या जवळ असते. गोळ्या वेळेवर सुरू केल्या की पुढच्या आठवड्यात आकडा बहुधा बदलेल.

जिन्याबद्दल. शक्यतो टाके काढायला जाईपर्यंत खाली उतरू नका. फिजिओ घरी येत आहेत, ते चांगलं. उतरावं लागलं तर क्रम लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा आणि काठी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी, मग चांगला. एका हाताला कठडा, दुसऱ्या हातात काठी. वॉकर घेऊन जिना उतरायचा नाही. आधार देणारा नेहमी खालच्या बाजूला: चढताना मागे, उतरताना पुढे. दंड धरू नका, कमरेच्या पट्ट्याला धरा. मधल्या चौकात खुर्ची ठेवा. जुन्या वाड्यांतल्या लाकडी जिन्यांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, कठड्याऐवजी कधी दोर असतो. तसा जिना असेल तर दोन माणसं हवीत. घरातल्या वॉकरची उंची अशी की हात सैल सोडल्यावर मुठी मनगटाच्या सुरकुतीशी याव्यात, कोपर थोडा वाकलेला राहावा. वॉकर उंच असला की खांदे वर उचलले जातात आणि दुखायला लागतात. काठीवर आल्यावर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात.

हॉस्पिटलमध्ये रिक्षानं नेऊ नका. रिक्षात गुडघा पुरता वाकवावा लागतो आणि पेठेतल्या खड्ड्यांत, गतिरोधकांवर प्रत्येक हिसका सांध्यात जातो. कॅबची पुढची सीट मागे सरकवून पाठ तिरकी करा, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरा, आईला आधी पाठमोरं बसवा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं किंवा विकत सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळते, ती उंचीला कमी-जास्त होणारी घ्या.

पोटाचं काय? चार दिवस शी झाली नाही ती मुख्यतः ट्रॅमाडॉलनं, आणि हालचाल आणि पाणी कमी असल्यानं. इसबगोल इथे पहिली निवड नाही. आतडं मंद असताना आणि पाणी कमी पीत असताना ते आत घट्ट बसतं. डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोज 15 ते 30 मिली रात्री, नाही तर बिसाकोडिल 5 मिलिग्रॅमची गोळी, जी सकाळपर्यंत काम करते. पाणी दिवसाला 2 लिटरच्या आसपास, हृदय किंवा किडनीच्या आजारासाठी बंदी नसेल तर. पपई, पेरू, भिजवलेले अंजीर. पोट फुगलं, उलटी झाली आणि वायूही सरत नसेल तर घरगुती उपाय थांबवा आणि दाखवा.

खाण्यात पथ्याचा गोंधळ आपल्याकडे फार. “आंबट खाल्लं की जखम पिकते”, “भातानं सूज येते”, “दही नको” या समजुतींनी जखमेला फायदा होत नाही आणि प्रथिनं मात्र कापली जातात. 62 किलोच्या बाईला या काळात रोज 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवीत. वरण-भात-पोळी-भाजीच्या साध्या जेवणातून त्याच्या निम्मी जेमतेम मिळतात. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम, अंडं सहा, 250 मिली दूध आठ, 100 ग्रॅम पनीर अठरा, 30 ग्रॅम शेंगदाणे सात, 30 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या पंधरा. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर हा आकडा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू प्रेमाचे असतात, पण गूळ-साखर आणि मधुमेह यांचा मेळ नाही. अळीव खिरीऐवजी दुधात भिजवून, गोड न घालता द्या. एकादशी, संकष्टी सध्या सोडा. साबुदाण्यानं पोट आणखी जड होतं आणि रिकाम्या पोटी गोळ्यांनी आग होते. भूल देताना मळमळीसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर पहिले दोन दिवस साखर चढते. नवव्या दिवशीही चढलेली असेल तर जखमेकडे नीट लक्ष द्या. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर ती नीट जेवण सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यानंच पुन्हा चालू करायची. उपाशी पोटी ती अवघड प्रसंग आणू शकते.

मालीश नाही, शेक नाही, लेप नाही. निदान टाके निघून जखम पूर्ण सुकेपर्यंत गुडघ्यावर काहीच लावायचं नाही. गुडघा तीन-चार महिने दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, म्हणून “उष्णता” काढायलाही जाऊ नका. ड्रेसिंग पाणी न शिरणारं असेल तरच अंघोळ, नाही तर ओल्या कपड्यानं पुसणं. पावसाळ्यात ओलं झालेलं ड्रेसिंग लगेच बदलून घ्या, अंगावर वाळू देऊ नका. जखमेतून नवव्या दिवशीही पाणी झिरपत असेल तर ते घरच्या डॉक्टरांच्या अँटिबायोटिकनं झाकू नका. आतल्या सांध्यापर्यंत संसर्ग गेला असेल तर गोळ्यांनी तो दबतो आणि निदान लांबतं. सर्जननीच बघायला हवं.

गोळ्या उतरवण्याचा क्रम विचारला जातो. सूज उतरवणारी मोजक्या दिवसांची, ती आधी संपते. मग ट्रॅमाडॉल: दिवसाची आधी, रात्रीची नंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, दोन आठवड्यांच्या वर घेतली असेल तर एकदम न तोडता हळूहळू. प्रेगाबालिन सर्जनच्या सांगण्यानं. पॅरासिटामॉल सगळ्यात शेवटी, सहा आठवड्यांपर्यंतही चालतं, आधी तीनदा, मग फक्त व्यायामाआधी. ॲस्पिरिन या हिशेबात नाही. ते दुखण्यासाठी नाही, ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यायचंच.

थांबायचं नाही अशा खुणा. एकाच पोटरीत घट्ट, दाबल्यावर दुखणारी सूज, जी रात्रभर पाय उंच ठेवूनही सकाळी उतरत नाही. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्याच्या 10 सेंटिमीटर खाली टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजा. ऑपरेशनच्या बाजूला थोडा फरक असतोच, पण 3 सेंटिमीटरहून जास्त असेल किंवा रोज वाढत असेल तर डॉप्लर तपासणी (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) त्याच दिवशी. अचानक धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं म्हणजे गुठळी फुफ्फुसात गेली असू शकते: 108 ला फोन, वाट बघू नका. 101 च्या वर ताप, थंडी वाजणं. पाऊल वर उचलता न येणं. सहा तास लघवी न होणं.

उद्या सकाळी सर्जनच्या दवाखान्यात फोन करताना तक्रारीच्या सुरात लांबलचक न बोलता, हे पाच आकडे वाचून दाखवा: नववा दिवस, वाकणं 65, सरळ व्हायला किती अंश कमी, ताप किती, रक्तदाब किती. मग विचारा: एटोरिकॉक्सिब संपलं, क्रिएटिनिन करून घेऊ का, ट्रॅमाडॉलनं चार दिवस पोट बंद आहे, काय देऊ, काकूंची आयब्युप्रोफेन दोनदा घेतली गेली, ॲस्पिरिन तसंच चालू ठेवू का. या तीन प्रश्नांची उत्तरं कालनिर्णयावरच लिहा, आणि टाके काढायला जाताना रविवारचा फोटो मोबाइलवर ठेवा.